नांदेडला गेलेली जीप

“माझा बाक कुठाय? कुणी उचलला माझा बाक? बोला की, तोंडात काय गुळाचा खडा धरून बसलात का समदे!”

रविवारची भक्ती चालू होती. आम्ही डोळे मिटून पापकबुलीची प्रार्थना म्हणत होतो आणि जेमतेम जिभेने केलेल्या पापांपर्यंत पोचलो होतो. डोळे उघडून बघते तर दारात माझी सासू. काखेत भोकरहून आणलेली पिशवी, पायात अजून चपला, आणि आवाज असा की वेदीवरच्या दोन्ही मेणबत्त्या विझल्या. वाऱ्याने विझल्या असं आमचे मालक आजही म्हणतात. पण त्या दिवशी अख्ख्या लातूर जिल्ह्यात वारा नव्हता, मी साक्षीला उभी राहीन.

सासूला आम्ही आत्याबाई म्हणतो. आमचं गाव चाकूरपासून हाकेच्या अंतरावर आहे. आत्याबाईंच्या हाकेच्या. बाकीच्यांना एस.टी. लागते.

झालं होतं असं की आत्याबाई लेकीच्या बाळंतपणाला भोकरला गेल्या होत्या आणि तेवढ्यात इकडे चर्चमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या आल्या. निळ्याजर्द, एकावर एक रचता येणाऱ्या. जुने बाक डुगडुगत होते, खिळे वर आले होते, दर रविवारी एखादी साडी फाटायची. कमिटीने ठराव केला, बाक बाहेर निंबाखाली नेऊन ठेवले, आणि दोन-चार तर कुणीकुणी घरी नेले. नवे पाळकसाहेब येऊन थोडेच दिवस झाले होते. त्यांना काय माहीत, की पुढच्या रांगेतला तो आंब्याच्या लाकडाचा बाक म्हणजे नुसता बाक नव्हता. आमच्या मालकांचा जन्म झाला तेव्हा माझ्या सासऱ्यांनी शेतातलं वादळात पडलेलं झाड स्वतः कापून, स्वतः रंधा मारून तो केला होता आणि उपकारस्तुतीचं दान म्हणून मंडळीला दिला होता. सासरे सुतार नव्हते हे बाकाकडे पाहून लगेच कळायचं. एक पाय आखूड होता. पण त्यावर आत्याबाई अख्खं आयुष्य बसल्या होत्या, आणि सासरे गेल्यावर शेजारची जागा त्यांनी दुसऱ्या कुणाला बसू दिली नव्हती.

पाळकसाहेब वेदीवरून खाली आले. देगलूरकडचे, वयाने आमच्या मालकांपेक्षा लहान, अंगाने तुरीची वाळकी काडी, नुसती तुराटी, आणि बोलण्यात तेलुगूचा हेल. म्हणाले, “आई, चुकलं माझं. मला कुणी सांगितलं नाही. आत्ताच्या आत्ता आणून ठेवतो.”

“तवा इचारलं न्हाई ना? मग आता इचारू नगा,” आत्याबाई म्हणाल्या आणि वळल्या. बाहेर निंबाखाली आपला बाक हुडकला, पदराने पुसला, बसल्या.

बसल्या त्या बसल्याच. एक रविवार नाही, एक महिना नाही. वर्षं. उन्हाळ्यात छत्री घेऊन, पावसाळ्यात छत्री आणि पोतं घेऊन. खिडकीच्या बाहेर बसून त्या सगळी भक्ती करायच्या. गाणं म्हणायच्या, ते अर्धी ओळ मागून. आम्ही ‘आमेन’ म्हटलं की क्षणभराने बाहेरून दुसरं आमेन यायचं, पहिल्यापेक्षा मोठं. रस्त्यापलीकडे लिंगायत अण्णांचं किराणा दुकान आहे. कपाळावर भस्माचे पट्टे ओढून ते रविवारी शटर वर करायचे ते बरोबर आमच्या दुसऱ्या आमेनवर. “तुमच्या पहिल्या आमेनवर भरवसा न्हाई बगा,” मला म्हणायचे, “ते कवा बी येतंय.”

हसण्यासारखं होतं, आम्ही हसायचोही. पण पहिल्या रविवारी हसू यायचं नाही. पहिल्या रविवारी आमच्याकडे प्रभुभोजन. सगळी मंडळी वेदीच्या कठड्याशी गुडघे टेकते, पाळक एकेकाच्या हातावर भाकरीचा तुकडा ठेवतात, द्राक्षरसाचा छोटा पेला देतात. त्या वेळी आत्याबाई खिडकीकडे पाठ करून बसायच्या. एकदा पाळकसाहेब ताटली घेऊन बाहेर निंबाखाली गेले. आत्याबाईंनी पदर तोंडावर धरला.

घरी मी म्हणाले, “आत्याबाई, बी.पी. हाय, शुगर हाय. उद्या काही झालं तर प्रभुभोजनाशिवाय जाल का?”

“त्या माणसाच्या हातची भाकर मी खाणार न्हाई. त्यो गावातून जाईल त्या दिशी खाईन. न्हाई गेला तर अशीच मरंन.”

ज्या बाईने जन्मात एक प्रभुभोजन चुकवलं नव्हतं, बाळंतपणातही नाही, ती असं म्हणाली. मी हातातलं वरणाचं पातेलं तसंच धरून उभी राहिले. खालून हात भाजायला लागला तेव्हा कळलं.

आता जीपचं सांगते.

आमच्या मेथडिस्ट मंडळीत पाळक कायमचा नसतो. वर्षातून एकदा मोठी परिषद भरते, तिथे बिशपसाहेब नेमणुका वाचतात, आणि नाव वाचलं की पाळकाने बिऱ्हाड उचलायचं. त्यामुळे परिषद जवळ आली की आमच्याकडच्या माणसांना एक खाज सुटते. आपला पाळक बदलून मागायचा. पाळक कसाही असो. चांगला असला तर जरा उशिरा मागतात एवढंच. अण्णा म्हणतात, “आमचा स्वामी मरेपर्यंत आमचाच. तुमचं म्हंजी एस.टी.चं कंडक्टर हाय, डेपो बदललं की गेलं.”

त्या वर्षी एक जीप भरली. कमिटीचे सेक्रेटरी होते, त्यांचं म्हणणं उपदेश फार लांबतो. गायनमंडळाचे म्हातारे मास्तर होते. त्यांची तक्रार मी कानांनी ऐकली म्हणून लिहिते, नाहीतर माझाच विश्वास बसला नसता: “ह्ये पास्टर भक्ती टायमावर चालू करून ऱ्हायलेत. आम्ही पोचतो तवा दुसरं गाणं झालेलं आसतं. इज्जत जाती.” आणखीही चौघं-पाचजण मागे कोंबलेले. आणि पुढच्या सीटवर, ड्रायव्हरच्या शेजारी, आत्याबाई. मी मागे होते. मी आपली धपाट्यांचा डबा सांभाळायला गेले होते. डबा कुणीतरी धरायलाच लागतो.

नांदेडला डी.एस. साहेबांनी आम्हाला बसवलं. हे म्हणजे आमच्या भागातल्या सगळ्या पाळकांचे वरिष्ठ. त्यांनी चहा पाजला, सगळं ऐकून घेतलं. सेक्रेटरी पुष्कळ गोल गोल बोलले. शेवटी आत्याबाईंनी कप खाली ठेवला आणि म्हणाल्या, “सायेब, ह्यो माणूस घेऊन जा. कुठं बी ठेवा. पर माझ्या डोळ्याम्होरून हलवा.”

डी.एस. साहेब म्हणाले, “प्रार्थना करू.” ते ‘बघू’ म्हणाले तर काम होत नाही. ‘प्रार्थना करू’ म्हणाले की होतं. जीप आनंदात परत आली. धपाटे वाटेतलं लोहा गाव यायच्या आतच संपले.

त्यानंतरच्या दुसऱ्या की तिसऱ्या रविवारी पाळकसाहेब धीर या विषयावर बोलत होते. उपदेश नेहमीप्रमाणे लांबलेला. सेक्रेटरी घड्याळ बघून बघून डोळे दुखवून घेत होते. एवढ्यात बाहेर असा आवाज झाला की मला वाटलं ट्रान्सफॉर्मर फुटला. आंब्याचं लाकूड, वरून पाऊस, खालून वाळवी, आणि मध्ये आत्याबाई. बाक बसल्या जागी खाली गेला होता.

मी उठून दाराकडे धावले. पाळकसाहेब मात्र दाराकडे गेलेच नाहीत. ते खिडकीतून गेले. आमच्या चर्चच्या खिडक्यांना लोखंडी गज आहेत. तरी गेले. कसे गेले ते विचारू नका, तुराटीसारखं अंग असल्याचा माणसाला आयुष्यात एकदा तरी फायदा होतो. मी दाराला वळसा घालून पोचेपर्यंत त्यांनी आत्याबाईंना दोन्ही हातांवर उचललं होतं. आत्याबाईंचं वजन मी इथे लिहीत नाही. सून आहे, मला त्याच घरात राहायचंय. अण्णांनी टेम्पो काढला. पाळकसाहेब पांढऱ्या झग्यातच टेम्पोच्या मागे बसले आणि लातूरच्या हाडाच्या दवाखान्यापर्यंत आत्याबाईंचा उजवा हात त्यांनी उशीसारखा मांडीवर धरून ठेवला. प्रत्येक खड्ड्याला आत्याबाई ओरडायच्या, “सोडा माझा हात!” आणि ते म्हणायचे, “सोडला तर जास्त दुखंल, आई.” ती लढाई लातूरपर्यंत चालली.

इकडे मंडळीला कुणी आशीर्वाद देऊन घरी सोडलंच नव्हतं. गाणीच म्हणत बसले. मास्तर सांगतात, गाण्याचं पुस्तक संपलं तेव्हा पहिल्यापासून परत सुरू केलं.

हात मनगटाच्या वर मोडला होता. प्लास्टर झालं. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, शाळा सकाळची, रजा मागून मागून हेडमास्तर माझं तोंड बघेनासे झाले होते. आता आत्याबाईंचं कसं, या चिंतेत मी होते. तर दुसऱ्या दिवशी सकाळी पाळकीणबाई दारात. एका हातात तेलाची बाटली, दुसऱ्या हातात फणी.

आत्याबाईंचे केस हे आमच्या घरातलं वेगळंच प्रकरण आहे. या वयात गुडघ्यापर्यंत. धुवायला एक हंडा पाणी, वाळायला एक पूर्ण खाट. लग्न होऊन आले तेव्हा मी हौसेने म्हणाले होते, “आत्याबाई, वेणी घालू का?” तर म्हणाल्या, “माझ्या डोक्याला हात लावायचा न्हाई.” आजवर लावला नव्हता. आणि पाळकीणबाई, माझ्याहून लहान, सरळ मागे जाऊन बसली, गाठ सोडली.

“हळू! कणसं सोलून ऱ्हायलीस का?”

“मग हलू नका ना आई. दाणे सांडतेत.”

मी दारात चप्पल घालत होते. आता स्फोट होणार म्हणून एक चप्पल घालून एक हातात घेऊन थांबले. काही झालं नाही. आत्याबाई मान खाली घालून बसल्या. मी शाळेला गेले ते अर्धी वाट त्याच एका चपलेत.

मग रोज. ती यायची, केस विंचरायची, दोन वेण्या घालून अंबाडा बांधायची, दुधात भाकरी कुस्करून आत्याबाईंना भरवायची. दोघींचं बोलणंही चालायचं. देगलूरची भाजी कशी, भोकरची कशी. आत्याबाईंनी तिला खोचक बोलायचं, तिने हसून उलटं बोलायचं.

एकदा मी म्हणाले, “आत्याबाई, बायकोच्या हातची भाकर खाता, नवऱ्याच्या हातची का न्हाई? घर तर एकच हाय.”

“घर एक आसंल. हात येगळे हायेत,” त्या म्हणाल्या. पण माझ्याकडे न बघता. आणि आत्याबाई एखाद्याकडे न बघता बोलल्या म्हणजे काहीतरी आत कुजतंय.

प्लास्टर निघालं त्याच आठवड्यात परिषदेहून सेक्रेटरींचा फोन आला. नेमणुका वाचल्या. आमचे पाळकसाहेब बदलले. पार कर्नाटकाच्या सीमेवरच्या, कुणी नाव न ऐकलेल्या गावी. सेक्रेटरी फोनवर इतके खूश की फोन बाजूला ठेवूनही ऐकू येत होतं.

मी आत जाऊन सांगितलं. वाटलं, आत्याबाई आता पेढे मागवतील. त्या खाटेवर बसल्या होत्या, प्लास्टर निघालेला बारीक झालेला हात दुसऱ्या हाताने चोळत. हात थांबला.

“खरंच बदललं?”

“तुम्हीच तर मागितलं.”

“मागितलं म्हणून लगेच द्यायचं आसतं का?” आत्याबाई किंचाळल्या. “डी.एस. सायबाला काय अक्कल हाय का न्हाई?”

 हीच बाई पुढच्या सीटवर बसून नांदेडला गेली होती.

निरोपाचा रविवार आला. आमची मंडळी एरवी कशीही असो, निरोप मात्र असा देते की जाणाऱ्याला वाटावं आपण स्वर्गातच चाललो. तुरीची डाळ पोत्याने, ज्वारी पोत्याने, लोणच्याच्या बरण्या, तिखट, पापड, पाळकीणबाईला साड्या, पाळकसाहेबांना टॉवेल-टोप्या. जो तो शेजाऱ्याचं बघून आपलं वाढवत होता. अण्णांनी टेम्पो दिला आणि वर गुळाची ढेप ठेवली, “आमच्याकडून.” मास्तरांनी तर स्वतःच्या दोन कोंबड्या पाय बांधून टेम्पोत टाकल्या. तो टेम्पो इतका भरला की त्याची पुढची चाकं जमिनीपासून वीतभर वर आली होती. मी पाहिलंय.

निरोपाला डी.एस. साहेब मुद्दाम नांदेडहून आले. त्यांनीच ठरवलं की आधी लोकांनी दोन शब्द बोलावेत आणि प्रभुभोजन सगळ्यात शेवटी, म्हणजे पाळकसाहेबांच्या हातचं शेवटचं.

मग सुरू झालं. सेक्रेटरी उठले. “असे उपदेश पुन्हा ऐकायला मिळणार नाहीत. कधी संपले ते कळायचंच नाही.” रडले. मास्तर उठले. “यांनी आम्हाला वेळेचं महत्त्व शिकवलं.” तेही रडले. जीपमधला एकेक माणूस उठत होता, स्तुती करत होता, डोळे पुसत होता, आणि समोर डी.एस. साहेब बसले होते, ज्यांच्या घरी याच माणसांनी चहा पिऊन याच गोष्टींची कागाळी केली होती. साहेबांच्या चेहऱ्यावरची एक शीर हलली नाही. मी खुर्चीत इतकी खाली सरकले की मागच्या बाईने माझी खुर्ची रिकामी समजून पिशवी ठेवली.

तेवढ्यात दारात हालचाल झाली. आत्याबाई. चपला बाहेर काढल्या आणि आत आल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मागच्या रांगेतल्यांनी खुर्च्या सरकवून वाट करून दिली. त्या सरळ वेदीसमोर गेल्या. त्यांना माईक लागत नाही, पण सेक्रेटरींनी सवयीने पुढे केला.

“ह्ये समदे आता जे बोलले ना सायेब,” त्या डी.एस. साहेबांना म्हणाल्या, “ह्ये तुमच्याकडं आलेले. तुम्ही वळखलं आसंल. मी बी आलते. मी म्होरल्या सीटवर हुते. ह्ये मागं हुते.”

आणि मग त्यांनी एकेकाचं नाव घेतलं. एकही सोडलं नाही. शेवटी माझंही. डब्यासकट.

 कुणीतरी ‘प्रभू दया कर’ म्हणालं. सेक्रेटरींच्या हातातला माईक चालूच होता, त्यांचा श्वास सगळ्या मंडळीला ऐकू येत होता.

आत्याबाई आता पाळकसाहेबांकडे वळल्या होत्या. आवाज खाली आला. त्यांचा आवाज खाली येऊ शकतो हे मला त्या दिवशी कळलं.

“मी तुम्हाला हलवा म्हणून सांगून आले. मग पडले. तुम्ही उचललं. ह्या पोरीनं माझं डोकं विंचरलं, मला खाऊ घातलं. तवाच बोलायला पायजे हुतं. माझं तोंड कदी बंद ऱ्हात न्हाई, पर तेवढंच तोंडातून निघंना. बाकाचं मी सोडलं. माझं तुम्ही सोडा. आन् भाकर द्या.”

त्या कठड्याशी गुडघे टेकून बसल्या. पाळकसाहेबांनी चुकून द्राक्षरसाचा पेला आधी उचलला, मग तो ठेवून भाकरीची ताटली घेतली. मला वाटलं, बिचारा, आज कळलं याला. आत्याबाईंनी तो दुखरा, बारीक झालेला उजवा हातच पुढे केला. खाल्लं. मग बाकीचे उठले, जीपमधले सगळ्यात आधी, आणि कठड्याशी इतकी गर्दी झाली की काहीजणांना पायरीवर गुडघे टेकावे लागले.

डी.एस. साहेब मध्येच फोन घेऊन बाहेर गेले होते. निंबाखाली बराच वेळ फेऱ्या मारत बोलले. आत आले ते वेदीवर उभे राहिले.

“बिशपसाहेबांशी बोललो. मी तीस मंडळ्या पाहतो, एवढी भांडकुदळ दुसरी नाही, आणि आजच्यासारखंही दुसरीकडे कुठे पाहिलं नाही. इथलं यांचं काम अजून अर्धंच झालंय. नेमणूक बदलली. पाळकसाहेब इथेच राहतील.”

हालेलुया म्हणायला हवं होतं. मास्तरांनी सुरुवातही केली, ‘हाले’पर्यंत आले आणि थांबले. सेक्रेटरी खुर्ची आहे असं समजून बसले. खुर्ची नव्हती. बाहेर अण्णांनी टेम्पो चालू करून ठेवला होता, ते खिडकीतून ओरडले, “निघायचं का?”  अख्ख्या मंडळीत एकच माणूस बोलला.

“काय? ऱ्हाणार?” आत्याबाई म्हणाल्या.

टेम्पो रिकामा करायला गाव लागलं. पाळकसाहेब म्हणत होते, ज्याचं त्याने परत न्या. कोण नेणार? निरोपाचं दिलेलं परत नेलं म्हणजे माणूस राहिला याचं दुःख झालं असा अर्थ. त्यामुळे डाळ तिथेच, ज्वारी तिथेच. मास्तर आपल्या कोंबड्यांकडे बघत बघत गेले.

पण खरा धक्का मला घरी बसला. आत्याबाई बोलेचनात. चहा दिला, प्यायल्या. जेवण वाढलं, जेवल्या. सोमवारी नाही, मंगळवारी नाही. शेजारीण येऊन विचारून गेली, आत्याबाई गावाला गेल्या का म्हणून. मालक घाबरून बी.पी.चं मशीन घेऊन आले. शेवटी एका सकाळी बघते तर खाटेवर भोकरची पिशवी. साड्या घड्या करून भरलेल्या, जास्तीच्या.

“कुठं?”

“लेकीकडं. आता तिकडंच. तिथं बी चर्च हाय.”

“आत्याबाई, सगळं मिटलं की. भाकर खाल्ली, माफी झाली.”

“जाणाऱ्याम्होरं कबूल केलं मी!” त्या एवढं बोलल्या आणि इतक्या दिवसांचा आवाज एकदम बाहेर आला. “जाणारा त्ये सोबत घेऊन जातो. ऱ्हाणाऱ्याला दर आइतवारी कुठलं तोंड दाखवू? ती पोरगी माझ्याकडं बघंल तवा तिला काय दिसंल? हिला हलवायला निघालेली थेरडीच ना?”

मी पिशवीतली एक साडी काढून खुंटीवर टाकली, त्यांनी ती उचलून परत भरली. 

भोकरची गाडी लागायला अवकाश होता. आत्याबाई पिशवी घेऊन उठणार तेवढ्यात दारात मोटरसायकल थांबली. पाळकसाहेब आणि मागे पाळकीणबाई. “सलाम, आई,” म्हणून आत आले. पाळकसाहेबांनी पिशवी पाहिली, बसले. मी पाणी दिलं. 

मग पाळकसाहेब म्हणाले, “आई, एक सांगायचं राहिलं. तुम्ही नांदेडला गेला होता ते मला त्याच दिवशी कळलं होतं. तुमची जीप गावात पोचायच्या आधीच. डी.एस. साहेबांनी फोन करून विचारलं, तुमची मंडळी आली होती, तुमचं काय म्हणणं आहे?”

माझ्या हातातला तांब्या सुटला. पाणी आत्याबाईंच्या पिशवीखाली गेलं, कुणी उचललं नाही. मी उभ्या उभ्या हिशेब लावत होते. जीप आधी. बाक नंतर मोडला. म्हणजे खिडकीतून गेले तेव्हा माहीत होतं. टेम्पोत हात मांडीवर धरला तेव्हा माहीत होतं. आणि तेलाची बाटली घेऊन ही पोरगी आमच्या दारात आली, तेव्हा?

“तुम्ही हिला सांगितलं हुतं?” आत्याबाईंनी विचारलं. 

“त्याच संध्याकाळी,” पाळकसाहेब म्हणाले. “माझी बदली म्हणजे तिचीही.”

भोकरची पिशवी त्या दिवशी गेली नाही, हे आत्ताच सांगून टाकते, म्हणजे पुढचं नीट ऐकाल. आत्याबाई हळूहळू पाळकीणबाईकडे वळल्या. इतक्या वर्षांत मी त्यांना रागावलेलं पाहिलंय, रडताना पाहिलंय, पण असं घाबरलेलं कधी नाही.

“तुला ठाव हुतं पोरी? मी तुमचं बिऱ्हाड उठवायला गेल्ते ते? ठाव आसून रोज येऊन माझं डोकं विंचरलंस?”

पाळकीणबाईने वाकून सांडलेला तांब्या उचलला, मोरीपाशी ठेवला.

“तुमचा हात मोडला होता ना, आई.”